अब्बांनी 'खाली' म्हटल्यावर

१५ जानेवारी, सोमवार. अमरावती

शनिवारच्या नोंदीत एक गोष्ट चुकीची लिहिली गेली आहे. ती आधी दुरुस्त करते.

मी लिहिलं होतं की अब्बांनी भरलेली बंदूक रिकाम्या बंदुकांच्या भिंतीवर टांगली. असं लिहायला नको होतं. ती टांगताना मी अब्बांना पाहिलेलं नाही. शुक्रवारी दुकान मी झाडलं. झाडताना काही बंदुका उतरवून बाकावर ठेवल्या आणि परत लावल्या. म्हणजे उजवीकडची डावीकडे माझ्याच हातून गेली असणार. मला तसं आठवत नाही, पण आठवत नाही म्हणजे झालं नाही असं होत नाही. तेव्हा चूक माझी, अब्बांची नाही.

एकदा नीट मांडून ठेवते, नाहीतर हेच डोक्यात फिरत राहील. अकोटला आमचं बंदूकदुरुस्तीचं दुकान आहे, परवाना आजोबांच्या वेळेपासूनचा. येणाऱ्या बंदुका बहुतेक ठासणीच्या, शेतातली रानडुकरं हाकलायला लोकांनी ठेवलेल्या. या बंदुकीत काडतूस नसतं. दारू, चिंधी, छर्रे नळीच्या तोंडातून गजानं ठासायचे आणि मागं टोपी बसवायची. घोडा टोपीवर पडला की बार होतो. त्यामुळं ती उघडून बघता येत नाही. भरलेली आणि रिकामी, दोन्ही बाहेरून सारख्याच. म्हणून आमच्याकडे उजवी भिंत न तपासलेल्यांची आणि डावी भिंत तपासून रिकाम्या केलेल्यांची. रिकाम्याला अब्बा खाली म्हणतात, मग आम्हीही.

शनिवारी, मला जे बचावाचं प्रशिक्षण घ्यायचं आहे त्यासाठी म्हणून डाव्या भिंतीवरची एक बंदूक घेतली. लोकांना कसं दाखवायचं याचा सराव करायचा होता. गज आत सोडला, तर तो चार बोटं अलीकडंच थांबला. टोपी नव्हती, एवढंच नशीब. अब्बा समोर चहा प्यायला गेले होते. मी बार उपसून काढला, बंदूक जागेवर लावली आणि त्यांना काही बोलले नाही. उगाच मनाला लागलं असतं, आणि तेही माझ्या चुकीसाठी.

१७ जानेवारी, बुधवार

कुलदीप सरांबरोबर बैठक झाली. जिल्ह्यातल्या आपत्तीच्या प्रशिक्षणांचं काम ते बघतात. मी इथल्या रायफल क्लबवर शिकवते आणि त्यातून बंदूकवाल्याची मुलगी, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. तारीख ठरली, १२ फेब्रुवारी, सोमवार. रुग्णवाहिकेवरचे डॉक्टर आणि चालक येणार, अग्निशमनची माणसं येणार, सेमाडोहकडची गावातली बचाव पथकं येणार.

हे सगळं मोर्शीकडच्या प्रकारावरून सुरू झालं. संत्र्याच्या बागेतला राखणदार मचाणावरून पडला, पाय मोडला. रुग्णवाहिका गेली. बंदूक बागेत कशी टाकायची म्हणून चालकानं ती आत घेतली. राखणदाराचा भाऊ म्हणाला, खाली आहे. रस्त्यात गाडी आदळली आणि बार छतातून गेला. डॉक्टर आरती तेव्हा स्ट्रेचरशेजारी बसलेली होती. कुणाला लागलं नाही, पण चालकाचा एक कान अजून नीट चालत नाही.

कुलदीप सरांना वाटतं की प्रशिक्षण म्हणजे नेमबाजी हवी. "मॅडम, लोकायले दोन-दोन फायर तं करू द्या. नाईतं सोमवारी येईन कोन?" मी म्हटलं, सर, या लोकांना बंदूक चालवायची नाहीये, बंदुकीजवळ काम करायचं आहे. पहिला नियम हात लावायचा नाही, पोलिसांना कळवायचं. हात लावल्याशिवाय माणूस वाचतच नसेल तर कसा लावायचा, तेवढंच शिकवायचं. त्यांनी मान हलवली आणि जेवणात रोडगे ठेवायचे की पुरी यावर आले.

परत येताना वाटलं, मी शिकवतेय ते तरी बरोबर का? हात लावू नका हे सकाळी सांगायचं आणि मग संध्याकाळपर्यंत हात कसा लावायचा हे दाखवायचं. माणसाच्या लक्षात दुसरंच राहतं. उद्या मी शिकवलं म्हणून कुणी बंदूक उचलली तर? आराखडा फाडून पुन्हा लिहिला. खोलीला कुलूप लावलं का म्हणून बसस्टॉपवरून परत आले. लावलं होतं.

१९ जानेवारी, शुक्रवार. अकोट

शुक्रवारी दुकान बंद असतं. अब्बा जुम्म्याची नमाज पढून येतात, दार आतून लावून घेतात, आणि आठवड्यात आलेल्या बंदुका तपासायला घेतात. मी घरी असले की मीही बसते. शाळेत जायच्या आधीपासून याच बाकावर बसत आलेय. अक्षरं मला अम्मीनं शिकवली आणि बाकी सगळं या बाकानं.

आज प्रशिक्षणासाठी म्हणून अब्बांना नियम परत विचारले. लिहून घेत होते. आमच्या घरात उर्दू, मराठी, वऱ्हाडी कशात काय मिसळेल सांगता येत नाही, पण धंद्याचं बोलणं अब्बा वऱ्हाडीतच करतात, कारण गिऱ्हाईक वऱ्हाडी. ते म्हणाले, "दुसऱ्याच्या जिभेवर भरोसा ठेवाचा नाई. तो खाली म्हनते, म्हनू दे. गज आपल्या हातानं टाकाचा, मंग आपन खाली म्हनाचं."

नवशिक्यासाठी पद्धत अशी: गज नळीत सोडायचा, तोंडापाशी चिमटीत धरायचा, बाहेर काढून नळीला बाहेरून लावून बघायचा. टोक मागपर्यंत पोचलं तर खाली. अलीकडे राहिलं तर आत बार आहे. अब्बा मात्र गज बाहेर काढून लावत नाहीत. त्यांच्या गजावर कानशीनं केलेल्या बारीक खाचा आहेत. नळीच्या तोंडाशी कोणती खाच आली ते ते अंगठ्यानं चाचपतात, नजर दुसरीकडेच असते. चाचपतात आणि म्हणतात, खाली.

लिहिताना एक अडचण आली. दुसऱ्याच्या 'खाली'वर विश्वास ठेवायचा नाही हा नियम आहे, पण अब्बांनी खाली म्हटल्यावर आमच्या दुकानात कुणी गज टाकत नाही. तपासायला म्हणून मी कधीच टाकला नाही. कुणी सांगितलेलं नाही, पण ते बरं दिसत नाही. आजोबांच्या मागून अब्बाही टाकत नसत. प्रशिक्षणात हे सांगायचं कारण नाही, ते घरातलं आहे.

अब्बा एक चप्पल पायरीवरच विसरून आत आले होते. एका पायात चप्पल, दुसरा पाय तसाच. मी रागावले, तर त्यांनी पायाकडे बघितलं आणि हसले. पक्के विसरभोळे झालेत.

२० जानेवारी, शनिवार

कुलदीप सर दुकान बघायला अकोटला आले. म्हणाले, कापूस घेऊन जिनिंगला निघालेल्या गाड्यांमागं अख्खा रस्ता धूळ खाल्ली. अब्बांनी चहा मागवला. नुकता उतरवलेला, स्टीलच्या ग्लासात. सरांना ग्लास धरवेना, रुमालात गुंडाळला. अब्बांनी मुठीत धरून सावकाश प्यायला. सर म्हणाले, कारागिराचा हात आहे, याले काय चटका लागते.

मग अब्बांनी तो खेळ केला. लहानपणी आम्हा पोरांसाठी करत तो. डोळ्यांवर रुमाल बांधायचा, एकेक बंदूक हातात घ्यायची, गज सोडायचा, अंगठा फिरवायचा आणि सांगायचं. तीन सांगितल्या. सर खूशच झाले. खुर्चीवरून उठून म्हणाले, आता सोमवारी गर्दी जमते की नाही पाहा. कार्यक्रमपत्रिकेत टाकून टाकलं: प्रात्यक्षिक, जनाब अब्दुल सत्तार, डोळ्यांवर पट्टी बांधून.

मला ते आवडलं नाही. का आवडलं नाही ते नीट सांगता येत नाही. एक तर जे लोकांनी करू नये तेच आपण दाखवतोय. पण अब्बांनी आज नवा सदरा काढून ठेवला. सोमवारसाठी, अजून तीन आठवडे असताना. मी गप्प बसले.

२४ जानेवारी, बुधवार. अकोला

दाखवायच्या बंदुका अमरावतीला न्यायच्या तर परवानगी हवी, म्हणून रजा टाकून अकोल्याला आले. काम झालं. कचेरीतल्या बाई चांगल्या होत्या, फक्त नाव दोनदा विचारलं. बंदुका नेणार कोण, जबाबदार कोण, असं विचारलं तेव्हा मी म्हटलं, माझे वडील. मग वाटलं आपण घाईनं बोललो. बाहेर येऊन पुन्हा आत गेले आणि विचारलं, जबाबदारीत माझंही नाव घालता येईल का. त्या म्हणाल्या, परवाना त्यांचा आहे ना, मग तुम्ही कशाला घाबरता.

खरंच, कशाला घाबरते? काही झालेलं नाही. एक बंदूक चुकीच्या भिंतीवर होती आणि ती मी लावली होती. तरी बसस्टँडपर्यंत बोटांची नखं खात आले.

२६ जानेवारी, शुक्रवार. अकोट

सकाळी अब्बा झेंडावंदनाला गेले, शाळेवाले दरवर्षी बोलावतात. अम्मी त्यांच्या शेरवानीची बटणं लावत होती, गळ्यापासून खालपर्यंत. अब्बा लहान मुलासारखे हनुवटी वर करून उभे. मी दारातून बघितलं आणि मागं फिरले. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हे बघायला बरं वाटतं.

नमाजनंतर दुकानात. अब्बांनी चार बंदुका तपासल्या आणि खाली म्हणून डाव्या भिंतीला लावल्या. ते हात धुवायला गेले तेव्हा मी उठले, गज घेतला. मग परत ठेवला. हे काय करतेय मी? स्वतःच्या चुकीची भीती आहे तर स्वतःला तपासावं, बापाला नाही. आज मी एकाही बंदुकीला हात लावलेला नाही, म्हणजे माझी चूक होण्याचा प्रश्नच नाही. मग गज टाकायचं कारण काय?

कारण नव्हतं. टाकला नाही.

३१ जानेवारी, बुधवार. अमरावती

आरती क्लबवर भेटायला आली. रक्त थांबवण्याचा भाग ती शिकवणार आहे. मोठ्यानं हसणारी बाई आहे, पण भिंतीवरच्या रायफलींकडे पाठ करून बसली. म्हणाली, त्या दिवसापासून गाडीत कुणी डबा जरी आपटला तरी माझे हात आधी डोक्यावर जातात. मी तिला कार्यक्रम समजावला. कुणी खाली म्हटलं की दुसरा माणूस स्वतः गज टाकतो, बघतो आणि मगच तोही मोठ्यानं खाली म्हणतो. असे दोन खाली झाल्याशिवाय बंदूक हलवायची नाही.

ती म्हणाली, "आणि पहिला माणूस खूप मोठा असला तर? साहेब असला, फौजदार असला, तर त्याच्यासमोर गज टाकायची हिंमत आमच्या चालकानं करायची का?"

मी लगेच म्हटलं, हो, करायची. नियमाला साहेब नसतो. तिला उत्तर आवडलं, वहीत लिहून घेतलं. मला मात्र दिवसभर कसंतरी होत राहिलं. पाठ केलेलं उत्तर दिल्यासारखं.

४ फेब्रुवारी, रविवार. अमरावती

आज जे झालं ते ज्या क्रमानं झालं त्याच क्रमानं लिहिते.

क्लबवर रंगीत तालीम होती. अब्बा सकाळच्या गाडीनं आले, पाच बंदुका परवानगीच्या कागदासह. त्यातल्या दोन भरलेल्यासारख्या करायच्या होत्या. दारू नाही, टोपी नाही, फक्त चिंध्या ठासायच्या. ते काम मी एकटीनं आतल्या खोलीत केलं. माझ्या जुन्या निळ्या ओढणीच्या चिंध्या होत्या. दुसरी आणि तिसरी बंदूक ठासली. मग पाचही टेबलावर ओळीनं मांडल्या आणि तिथून हलले नाही. कुणालाही सांगितलं नाही.

कुलदीप सर, आरती आणि क्लबची काही माणसं बघायला होती. अब्बांच्या डोळ्यांवर रुमाल बांधला. त्यांच्याशेजारी दुसरा माणूस म्हणून मी उभी. पहिली बंदूक, गज, अंगठा. खाली. मी म्हटलं, खाली. दुसरी. "भरेल हाय." मी म्हटलं, भरलेली. कुणीतरी वाहवा म्हटलं. तिसरी. अब्बांनी गज सोडला. तो अर्धी वीत अलीकडंच अडला, मला दिसलं. अंगठा खाचांवरून फिरला, एकदा, पुन्हा एकदा. मग ते म्हणाले, "खाली."

आता माझी पाळी होती. हात पुढं करायचा, गज घ्यायचा, टाकायचा. माझाच आराखडा, माझंच वाक्य. मी अब्बांच्या तोंडाकडे बघितलं. रुमालाखाली ते हसत होते.

मी म्हटलं, खाली.

टाळ्या झाल्या. चौथी, पाचवी बरोबर आली. कुलदीप सरांनी अब्बांना मिठी मारली आणि म्हणाले, पेपरवाल्यायले बोलावतो.

सगळे चहाला गेल्यावर मी परत आले. मनात म्हटलं, तू घाबरट आहेस, तुझीच गफलत झाली असेल, तिसरीऐवजी चौथी ठासली असशील. तिसऱ्या बंदुकीतून उपसणीनं चिंधी ओढली. निळी निघाली.

यात माझी चूक कुठं बसते ते मी खूप शोधलं. एकच सापडली. मी जे बघितलं नाही ते बघितल्यासारखं म्हटलं. उलट, जे दिसलं होतं त्याच्या विरुद्ध म्हटलं. पण ते अब्बांच्या नंतर. अब्बांचं खाली माझ्या आधी होतं.

बाहेर आले तर आरती अब्बांच्या पायाशी बसलेली. त्यांच्या पायाच्या अंगठ्यात काच घुसली होती, फरशीवर रक्ताचे ठसे उमटले होते, आणि अब्बा तिलाच विचारत होते की हे कोणाचं रक्त. तिनं काच काढली. काढताना त्यांनी पाय हलवलासुद्धा नाही, रोडग्यांची चौकशी करत राहिले. पट्टी बांधून झाल्यावर तिनं मला बाजूला घेतलं आणि विचारलं, तुझ्या अब्बांची शुगर किती असते? मी म्हटलं, अम्मीला माहीत.

५ फेब्रुवारी, सोमवार. अकोट

क्लबवर रजा सांगून अब्बांबरोबरच परत आले. बसमध्ये ते खिडकीशी झोपले. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. उजव्या तळहातावर भाजल्याचे डाग आहेत, बोटांच्या पेरांवर कापल्याचे. कारागिराचा हात असाच असतो, असं मी समजत आले. पण हे डाग नवे आहेत. दोन वर्षांपूर्वी नव्हते.

आरतीला फोन केला. पायाचं झालं की हाताचंही होतं का, एवढंच विचारलं. ती म्हणाली, साखर खूप दिवस वाढलेली राहिली तर आधी बहुतेक पाय बधिर होतात, मग हाताची बोटंही होऊ शकतात. फोनवर सांगता येत नाही, अकोल्याला नेऊन तपासून घे. मग म्हणाली, "अफिफा, त्यांना माहीत असेल. माणसाला स्वतःचा हात कळतो."

म्हणून अम्मीजवळ गेले. ती तुरीचे दाणे सोलत होती. मी विचारलं, अब्बांच्या बोटांना कळत नाही का. तिनं सोलणं थांबवलं नाही. गेल्या उन्हाळ्यापासून, म्हणाली. बटणं ती लावते, तव्यापासून त्यांना ती लांब ठेवते, गोळ्या देते आणि त्या घेतात की नाही ते बघते. दोघांनी मिळून मला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पोरगी आधीच रात्रंदिवस घोर लावून घेते, म्हणून.

मी विचारलं, आणि बंदुका?

आता मात्र तिचे सोलणारे हात थांबले. मग हळू आवाजात म्हणाली, "बंदूक सोडली तं तुहे अब्बा घरात बसून काय करतीन, बेटा? लोकं दुकानात त्यायच्या हातासाठीच येते. सोमवारचं म्हनशील तं सांगून दे, ताप आला म्हनून. मी चादर घेऊन झोपवतो त्यायले."

मला रडू आलं नाही याचं नवल वाटलं. अम्मीचं म्हणणं सोपं होतं. कुलदीप सर हळहळतील, एखादा खेळ रद्द होईल, बस. अब्बांचा आब राहील. मी हो म्हणायच्या बेतात होते.

६ फेब्रुवारी, मंगळवार

एक दिवस जास्त राहिले. सकाळी दुकानात बसले होते तेव्हा कुंदनभाऊ आले. सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचा हरभरा आहे, रानडुकरं रोज येतात. बंदुकीचा घोडा ढिला झाला म्हणून देऊन गेले. अब्बांनी विचारलं, भरेल हाय काय. कुंदनभाऊ म्हणाले, "काय मालूम, बुढ्यानं भरली अशीन तं अशीन. तुमी पाहा." अब्बांनी ती उजव्या भिंतीला टांगली. शनिवारी न्यायला या, म्हणाले.

घरी ही बंदूक कुठं ठेवता असं मी विचारलं. ते म्हणाले, खाटेवरच्या खुंटीला, दुसरीकडे पोरं हात लावतात. खाटेवर तीच पोरं झोपतात. नेताना गळ्यात अडकवून मोटरसायकलवर नेतात, मागं बायको बसलेली असते. दरवर्षी असंच नेतात. अब्बांच्या हातातून घेतात, काही विचारत नाहीत. अब्बांनी खाली म्हटलेलं असतं.

मी सोमवारचाच विचार करत होते. बारा तारखेला सगळ्यांसमोर काय होईल, कोण काय म्हणेल. पण टेबलावरच्या बंदुकीत निळ्या चिंध्या होत्या. खरी दारू इथं आहे, या भिंतींवर. सोमवारी ताप आला म्हटलं तरी शनिवार आधी येतो.

अमरावतीची दुपारची गाडी चुकली. मुद्दाम चुकवली असं नाही, पण धावलेही नाही.

७ फेब्रुवारी, बुधवार. अमरावती

दिवसभर क्लबवर लक्ष नव्हतं. एका मुलीला पवित्रा उलटा सांगितला, तिनंच दुरुस्त केला.

मनात आलेले सगळे रस्ते इथं लिहून तपासते.

गुपचूप तपासायचं. शुक्रवारी अब्बा हात धुवायला गेले की मी डावी भिंत बघून घ्यायची. अब्बांना कळणार नाही. पण मी आठवड्यातले पाच दिवस इथं असते, आणि बंदुका मी नसतानाही दुकानातून जातात. शिवाय हे अम्मीच्या बटणांसारखंच झालं. तिनं बटणं लावली म्हणून तर अब्बांना बोटांची गरज पडली नाही, आणि मला इतके महिने काही दिसलं नाही.

कुलदीप सरांना सांगायचं. ते भले आहेत, पण अब्बांच्या हाताची गोष्ट अब्बांच्या आधी त्यांना सांगणं म्हणजे चहाडी. पट्टीचा खेळ मी मात्र आज काढायला लावला. कारण दिलं की बघून लोक तसंच करायला जातील, आणि ते खरंच आहे. सर फोनवर बराच वेळ नाराज होते. "मॅडम, तुमी जीवच काढून घेतला प्रोग्रामचा." मी माफी मागितली, पण निर्णय बदलला नाही. अब्बा येतील की नाही ते शनिवारी कळवते म्हटलं.

अब्बांना समोर बसवून बोलायचं. हे मी मनात अनेकदा करून पाहिलं. अब्बा, तुमची बोटं, एवढंच म्हणते आणि पुढं शब्द येत नाहीत. ते म्हणतील, काय झालं माझ्या बोटायले, आणि मी म्हणेन, काही नाही.

मग एकच उरतं, आणि ते मला त्यांनीच शिकवलेलं आहे. त्यात मला काही बोलावं लागत नाही. फक्त तो नियम त्यांनाही लावायचा.

भीती वाटते. मी चुकीची असेन तर मी बापाचा अपमान केलेला असेल, उगाच, त्याच्या स्वतःच्या दुकानात. गज मागपर्यंत जाईल, अब्बा माझ्याकडे बघतील, आणि मग आम्ही दोघं त्या बाकावर कधीच पूर्वीसारखं बसणार नाही. मी बरोबर असेन तर गज अलीकडे थांबेल, आणि मग तर त्यांना ते दिसेलच. यातलं काय जास्त वाईट ते मला ठरवता येत नाही. दोन्ही वेळा गज मात्र टाकलेला असेल. आणि तिथं आमच्या दोघांशिवाय कुणी नसेल, एवढं मी त्यांच्यासाठी करू शकते.

त्यानंतर अकोल्याच्या डॉक्टरचं बोलता येईल, दुकानाचं, सोमवारचं. आधी नाही.

अम्मीला फोन करून सांगितलं की मी उद्या रात्रीपर्यंत येते. ती म्हणाली, तापाचं सांगितलंस का सरांना? मी म्हटलं, नाही. तिकडून गोळ्यांची पाकिटं चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाली, उद्या येताना गोळ्या घेऊन ये, संपत आल्यात. आणि शुक्रवारी दुकानात तुम्हा दोघांचा चहा पाठवू का, असं विचारलं. मी म्हटलं, थोड्या उशिरा पाठव.

शुक्रवार, नऊ फेब्रुवारी. अब्बा जुम्म्याची नमाज पढून येतील, दार आतून लावून घेतील, कुंदनभाऊंची बंदूक बाकावर घेतील आणि अंगठा फिरवून खाली म्हणतील. मी हात पुढं करीन आणि म्हणेन, अब्बा, गज द्या.